नगरची तोफ, विजापूरचा बुरूज

विजापूरच्या बुरुजावरची ‘मुलुख मैदान’ तोफ मूळची नगरची, हे खुद्द नगरकरांनाही सहसा ठाऊक नसतं. निजामशाहीच्या राजधानीत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, महंमद बिन हसन रूमी या तुर्की ओतकामगाराने १५४९ मध्ये ती ओतली. लांबी सुमारे १४ फूट, वजन अंदाजे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा, आणि जबड्यात चिरडलेला हत्ती!

पण खरी गंमत धातूत आहे. ही तोफ लोखंडाची नाही. चार भाग तांबं आणि साधारण एक भाग कथील, म्हणजे जवळजवळ तळपायाला तूप चोळायच्या काशाच्या वाटीचाच धातू. शुद्ध तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतं. एवढं कथील मिसळलं की नऊशेच्या आसपास भागतं. रसही पातळ होतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. सिंहाचे दात इतके रेखीव उतरले ते उगाच नाही.

मात्र कथील वाढलं की धातू कडक होतो आणि ठिसूळही. म्हणूनच नेहमीच्या तोफांत ते दहा टक्क्यांच्या आगेमागे ठेवत. रूमीने दुप्पट घातलं. धाडसच म्हणायचं! याच प्रमाणामुळे हलकं ठोकलं तर ही तोफ घंटेसारखी वाजते.

नगरहून ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव मांडला, बोली आली फक्त दीडशे रुपयांची. सुदैवाने विक्री रद्द झाली.