गुंतवळीतले गुन्हेगार

गुंतवळ डब्यात साठवायची आणि ‘केसांवर फुगेऽऽ’ अशी आरोळी आली की ती देऊन फुगे नाहीतर भांडं घ्यायचं, हा व्यवहार ज्या घरांनी केला, त्यांना त्वचारोगतज्ज्ञांच्या कितीतरी आधी एक गोष्ट ठाऊक होती. केस सगळ्यांचेच गळतात आणि रोज गळतात. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात; त्यातल्या ५० ते १०० जणांनी रोज निरोप घेणं अगदी रीतसर. भानगड होते ती त्यात आपण हौसेनं, मायेनं आणि घाईघाईनं जी भर घालतो तिची.

आधी एक सोपी तपासणी. कंगव्यातला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसली, तर तो मुळापासून, आपली मुदत भरून आलेला आहे. गाठ नाही आणि लांबीही अर्धीच, तर तो मध्येच तुटलाय. गळण्याचं कारण शोधायला शरीरात डोकवावं लागतं. तुटण्याचं कारण बहुतेक वेळा बाथरूममध्ये सापडतं.

पंचा, फणी आणि फटके

ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर हार मानतो. पाण्यानं त्याच्या आतले काही बंध तात्पुरते सुटलेले असतात. नेमक्या त्याच वेळी आपण काय करतो? पंच्यानं फटाफट झटकतो, पिळतो, खसाखसा पुसतो आणि लगेच कंगवा घालून मुळापासून खाली ओढतो. टॉवेलनं नुसतं टिपावं, मोठ्या दातांचा कंगवा घ्यावा, आधी टोकाची गुंत सोडवावी आणि मग वर सरकावं. फणी उवांसाठी आहे, तिला तेवढंच काम द्या.

आता ड्रायरबद्दल. ओल्याचिंब केसाला तापलेली इस्त्री किंवा कर्लिंगची कांडी लावली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात चक्क बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस जाळीदार दिसतो, आणि त्या जागी तो तुटतो. म्हणून ड्रायर वाईटच, असंही नाही. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी केसांच्या बटा वेगवेगळ्या तऱ्हेनं वाळवून पाहिल्या. ड्रायर १५ सेंटिमीटर लांब धरून सारखा हलवत ठेवला, तर इजा कमी झाली. आपोआप वाळू दिलेल्या बटांमध्ये मात्र आतल्या थराला धक्का लागलेला दिसला. ‘नैसर्गिक ते सारं उत्तम’ म्हणणाऱ्यांची थोडी पंचाईतच. न्हाऊन आल्या आल्या ओल्या केसांचा बुचडा बांधून दिवसभर तसाच ठेवणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

घट्ट वेणीची शिस्त

शाळेच्या लाल रिबिनी आठवतात? भुवया वर ओढल्या जातील इतक्या घट्ट दोन वेण्या. घट्ट अंबाडा आणि पोनीटेल त्याच पंथातले. सतत ओढ बसली की कपाळावरची आणि कानाजवळची रेघ हळूहळू मागे सरकते. ही तक्रार वैद्यकाच्या कागदोपत्री आली ती थेट ग्रीनलँडहून: केस डोक्यावर घट्ट ओढून बांधणाऱ्या तिथल्या बायकांमध्ये असं टक्कल पडतं, अशी नोंद १९०७ मध्ये झाली. घट्ट जुडा बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्येही ते डॉक्टरांनी पाहिलंय. सुरुवातीला सैल बांधलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ सुरू राहिली, तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि मग काही उगवत नाही. डोकं ठणकतंय म्हणजे वेणी घट्ट आहे. वेगळं मोजमाप नको.

तेलाचं काय?

इथे आजीची बाजू बरीच खरी आहे. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोन संशोधकांनी दाखवलं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातलं प्रथिन वाहून जाणं कमी करतं; सूर्यफुलाचं आणि खनिज तेल तेवढं करत नाही. (खोबरेल विकणाऱ्यांनीच खोबरेलाला पास केलं, हे लक्षात ठेवून वाचा.) पण हा फायदा केसाच्या काडीला आहे, मुळाला नाही. कोंडा असेल, तर गणित उलटं होतं. टाळूवर राहणारी मॅलसेझिया नावाची बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. रात्रभर थापलेलं तेल म्हणजे तिला पंगत.

आणि ‘नहाणं टाळलं तर केस कमी गळतात’ हे तर निव्वळ उधारीवर जगणं. आठवडाभर सुटलेले केस डोक्यातच अडकून राहतात आणि रविवारी मोरीच्या जाळीवर एकदम हजर होतात. शिव्या मात्र शाम्पूला.

शाम्पू निर्दोष, डाएट दोषी

केस गळण्याची सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे त्याचा उशीर. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा लग्नाआधी सूप-सॅलडवर काढलेला महिना, यांचा झटका बसला की बरेच केस वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि गळतात दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे उपाशी राहायचं लग्नाआधी आणि केस जायचे सासरी. तिथलं पाणी विनाकारण बदनाम होतं.

मग धाव गोळ्यांकडे, आणि मला विचाराल तर खरा विनोद इथेच आहे. सेलेनियम शरीराला हवं असतं, पण अगदी मायक्रोग्रॅममध्ये; जास्त झालं की केसच जातात. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक आहाराच्या द्रवात लेबलवर लिहिल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम निघालं आणि तो घेणाऱ्या अनेकांचे केस झडले. आपल्याकडे २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं घाबरली, कारण माणसांना काही दिवसांत टक्कल पडत होतं. आधी संशय पाण्यावर गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. जीवनसत्त्व अ जास्त झालं तरी हाच प्रकार होतो. बायोटिन तसं गरीब, पण तेही रक्ततपासणीचे आकडे बिघडवतं, हृदयविकाराच्या चाचणीतलेसुद्धा. ‘हेअर गमीज’ चॉकलेटसारख्या चघळणाऱ्यांनी निदान डबीच्या मागची बाजू वाचावी.

राहिलं मिनॉक्सिडिल. मूळचं हे रक्तदाबाचं औषध; गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले आणि त्याचं नशीब पालटलं. १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायला मंजूर झालं. पण सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात, कारण विश्रांतीतल्या जुन्या केसांना नवे बाहेर ढकलतात. युट्यूब पाहून सुरू करणारे बरेच जण नेमके तेव्हाच घाबरून बाटली बंद करतात. जे टिकतात, त्यांच्यातले काही केस आल्यावर ‘झालं काम’ म्हणून थांबतात, आणि औषधाच्या जोरावर आलेले केस पुढच्या काही महिन्यांत निघून जातात. खोक्यातल्या चिठोऱ्यावर हे छापलेलं असतं, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरात.