उन्हाचा खरा ताण मोजणारे तीन तापमापक

विदर्भातील उन्हाळ्याचे वर्णन पाऱ्याच्या एका आकड्याने करण्याची रीत आहे. परंतु मौद्याच्या कन्हानकाठच्या धानपट्ट्यात, किंवा त्याच नदीच्या वरच्या अंगाला १८२१ मध्ये वसलेल्या आणि आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या कामठीच्या छावणीत, उघड्यावर श्रम करणाऱ्या शरीरावर किती ताण पडतो, हे त्या आकड्यातून कळत नाही. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. सैनिक मात्र पाठीवर ओझे घेऊन उन्हात चालतो, आणि त्याच्या स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन शरीरातच साठू लागतो.

ही उणीव भरून काढणारा ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’ हा निर्देशांक लष्करी मैदानावरच जन्मला. अमेरिकेच्या मरीन दलाच्या पॅरिस आयलंड केंद्रात नवे रंगरूट उष्माघाताने कोसळत असताना कॉन्स्टंटिन याग्लू आणि डेव्हिड मिनार्ड यांनी केलेला अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. हा निर्देशांक मोजणाऱ्या साधनात ओली वात गुंडाळलेला तापमापक घाम किती वाळू शकेल ते दाखवतो, काळ्या रंगाच्या पोकळ तांब्याच्या गोळ्यातील तापमापक ऊन व तापलेली जमीन यांचा मारा टिपतो आणि तिसरा सावलीतील हवेचे तापमान देतो. त्यांना अनुक्रमे ७०, २० आणि १० टक्के वजन दिले जाते. ओल्या वातीला एवढे महत्त्व देणे योग्यच आहे, कारण हवा त्वचेपेक्षा तापली की घाम वाळणे हाच शरीर थंड होण्याचा एकमेव मार्ग उरतो.

समजा, मे महिन्यात हे तापमापक अनुक्रमे २५, ५८ आणि ४५ अंश सेल्सिअस दाखवतात, तर निर्देशांक ३३.६ येतो, पावसाच्या सरींनंतर तेच आकडे २९, ५० आणि ३६ झाले, तर तो ३३.९ येतो. पारा नऊ अंशांनी उतरूनही ताण घटत नाही, ही गोष्ट धोक्याची आहे. अमेरिकी सैन्यदलांत ३२.२ अंशांना काळा झेंडा लागतो व कठोर कवायत थांबते. तरीही नवख्या शरीराला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागत असल्याने त्याची मर्यादा आणखी खाली धरावी लागते.

रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून राबणाऱ्या मौद्याच्या मजुरांनाही हाच हिशेब लागू पडतो. म्हणून पाऱ्याच्या आकड्यासोबत हा निर्देशांकही तालुक्याच्या ठिकाणी रोज मोजून जाहीर करावा.