केडगावच्या हातांचा हुन्नर

उसाबद्दल दरवेळी बोलतोच. आज थोडे माणसांबद्दल.

पुणे जिल्ह्यातले केडगाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे 300 निराधार बायका-मुली आणल्या आणि त्यांची इथे सोय केली. बाईंनी स्वतः 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. पण मुक्ती सदनात नुसते जेवण आणि प्रार्थना एवढ्यावर भागवले नाही. कुणाला माग दिला, कुणाला शिवण, कुणाला छापखान्यात खिळे जुळवायला बसवले. अंध बायकांनाही टोपल्या विणायला शिकवले. घरी जिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणत, तिच्या हाताला इथे काम आले, कामातून मान आला. पुष्कळजणींनी ख्रिस्ती श्रद्धाही आपलीशी केली. बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेले बायबल ह्याच बायकांनी जुळवले, छापले. बाई 1922 साली वारल्या. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.

धर्म ज्याचा त्याचा. पण आपल्या शिवारातही विधवा आहेत, टाकलेल्या लेकी आहेत. पायलीभर धान्य किती दिवस पुरणार? हुन्नर जन्मभर पुरतो. पुढच्या गटसभेत शिवणवर्गाचा विषय तुम्हीच काढा की!