घरात फोन एक, प्रश्न प्रत्येकाचा वेगळा



आमच्या खांडबाऱ्यात अनेक घरांत मोठा फोन एकच असतो आणि तो सगळ्यांच्या हातात फिरतो. एका मुलीने त्यावर गुपचूप 'अंगावरून पांढरे जाणे' असे शोधले. चार दिवसांनी भाऊ 'अंगणवाडी भरती' शोधायला बसला. 'अंग' एवढेच लिहिले, तर खाली बहिणीचा प्रश्न उभा! घरात आरडाओरड झाली, तिचा फोन बंद झाला. दवाखान्यात ती आली महिन्याने, खाज आणि जळजळ अंगावर काढून. साधा बुरशीचा संसर्ग होता, औषधाने बरा झाला.

अशा वेळी क्रोममधली गुप्त खिडकी वापरावी. क्रोम उघडून वरच्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि 'न्यू इन्कॉग्निटो टॅब' निवडा. फोन मराठीत असेल तर 'गुप्त' हा शब्द दिसेल. पडदा काळा होतो, टोपी-चष्म्याचे चिन्ह येते. तिथे शोधलेले फोनच्या यादीत राहत नाही, पण खिडकी बंद केली तरच. नुसते होमचे बटण दाबून फोन ठेवला तर ती उघडीच राहते. इथेच बहुतेकजणी फसतात. यूट्यूबचे वेगळे आहे. त्याच्या अ‍ॅपमध्ये आपल्या खात्याच्या फोटोवर दाबून 'टर्न ऑन इन्कॉग्निटो' करावे लागते.

हा पडदा घरच्यांच्या नजरेपुरताच आहे. डाउनलोड केलेली फाइल फोनमध्ये राहते. गुप्त खिडकीत घरच्या जीमेलने लॉगिन केले, तर शोध त्या खात्यात जमा होऊ शकतो. सिमकार्डची कंपनी आणि ती वेबसाइट यांच्यापासूनही आपण लपत नाही. याच कारणावरून अमेरिकेत 2020 साली गूगलवर खटला झाला आणि 2024 मध्ये कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचे मान्य केले.

कुणी म्हणेल, पोरींना लपवायला शिकवता का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा संविधानाच्या कलम 21 मधला मूलभूत हक्क मानला. तो लेकीलाही आहे. आणि बोलायला घरात जागा असती, तर तिने फोनला कशाला विचारले असते?

फोनवर वाचून औषध मात्र घेऊ नका. सल्ल्यासाठी 104, एचआयव्हीबद्दल 1097, दोन्ही मोफत. फक्त लक्षात ठेवा, लावलेला नंबर कॉलच्या यादीत राहतो. तो आपल्या हातानेच पुसावा लागतो.