महाल नसलेला मुलूख
गड पाहावा कसा : लेखांक सहावा

गेले काही आठवडे आपण मारवाडात होतो. जैसलमेरचा सोनार किल्ला, जोधपूरचा मेहरानगड, बिकानेरचा जुनागड, देशनोकचे करणीमातेचे देऊळ आणि शेवटी वाळवंटातल्या अभयारण्यातला माळढोक. हा फेरफटका करून परतलेला मराठी माणूस एक वाक्य हमखास बोलतो : ‘आपल्याकडे गडावर बघायला आहे काय? एक पडकी भिंत, एक टाके आणि झेंडा.’ या वाक्याला नीट उत्तर द्यायला हवे. त्यासाठी मी रायगड किंवा प्रतापगड निवडत नाही. मुंबई-पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके निवडतो. इथे महाल एकही नाही, आणि तो का नाही हे कळले की निम्मे उत्तर हाती येते.

आधी मारवाडशी हिशेब पुरा करू. जैसलमेरात वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. पिवळ्या वालुकाश्मावर केलेली नक्षी तिथे शतकानुशतके टिकते. कर्जतला पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी कोसळते. चुना धुऊन जातो, लाकूड कुजते आणि भिंतीच्या सांध्यात रुजलेला पिंपळ बाकीचे काम करतो. दुसरे कारण राजकीय आहे. राजपूत संस्थाने इंग्रजी अमलातही शाबूत राहिली. राजे आपल्या वाड्यांत राहत होते, डागडुजी करत होते. जोधपूरचा उमेद भवन तर विसाव्या शतकात बांधला गेला. आपल्याकडे 1818 साली पेशवाई बुडाली. त्याच वर्षी कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळ्यापासून रायगडापर्यंत कोकणातले गड एकामागून एक घेतले. पुन्हा कोणी आसऱ्याला येऊ नये म्हणून सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे इंग्रजांनी सुरुंग लावून उडवले.

तिसरे कारण मात्र सगळ्यांत महत्त्वाचे आहे. मेहरानगड हे राजाचे घर होते. कर्जत-खालापूरचे गड कोणाचेच घर नव्हते, त्या घाटवाटांवरच्या चौक्या होत्या. शिबंदीला लागेल तेवढेच तिथे बांधले गेले : पाण्याची टाकी, धान्याचे कोठार, दारूगोळ्याची जागा, एखादा बुरूज आणि रखवालीचा देव. म्हणून इथला गड बघताना त्याच्यावर काय आहे हे शोधण्याआधी त्याच्यावरून काय दिसते ते पाहावे. जी वाट दिसते तिच्यासाठीच तो बांधलेला असतो.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला सह्याद्रीची अखंड भिंत. पश्चिमेला पेब, माथेरान, प्रबळ, इर्शाळ ही डोंगररांग. मध्ये उल्हास नदीचे खोरे. दक्षिणेकडे खालापुरात पाताळगंगा आणि तिच्याही खाली अंबा. कल्याण, सोपारा, चौल ही जुनी बंदरे या खोऱ्यांच्या तोंडाशी आणि जुन्नर, पैठण, तेर या बाजारपेठा भिंतीच्या पलीकडे. माल वर चढवायचा तर भिंतीतल्या खाचा शोधायच्या. खांडसहून भीमाशंकरला चढणारे गणेश घाट आणि शिडी घाट, त्यांच्या दक्षिणेला कुसूर घाट, कोंदिवड्याहून राजमाचीला जाणारी वाट, खोपोलीहून बोरघाट आणि चावणीहून कुरवंड्याचा घाट, या त्या खाचा. कोथळीगड, पदरगड, ढाक, भिवगड, राजमाची ही नावे या वाटांच्या बाजूला एकेक ठेवून पाहा. प्रत्येक गड आपापल्या जागी का आहे ते आपोआप कळते.

सुरुवात गडाने न करता लेण्याने करावी, कारण वाट आधीची आणि गड नंतरचा. कोंदिवड्याच्या पुढे, राजमाचीच्या पायथ्याशी गर्द झाडीत कोंडाणे लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा हा बौद्ध भिक्षूंचा मठ. चैत्यगृहाचे पुढचे खांब कोसळले आहेत, स्तूप झिजला आहे; पण दर्शनी कमानीकडे मान वर करून पाच मिनिटे सलग पाहा. पिंपळपानाच्या आकाराची ती कमान, तिच्या दोन्ही अंगांना कठड्यांच्या ओळी, जाळीच्या खिडक्या आणि वाशांची पुढे आलेली टोके, सगळे दगडातून काढलेले आहे आणि सगळे लाकडासारखे आहे. कारागीर मूळचे सुतारकाम जाणणारे. दगड हातात आला तरी सवय लाकडाची राहिली. लाकडी घरात तुळई जिथे भिंतीतून बाहेर डोकावते, तिथे दगडातही ती डोकावते, इथे तिच्यावर कसलाही भार नसताना. मधल्या चौकटींत नाचणाऱ्या जोड्या आहेत आणि एकाच्या हातात धनुष्य आहे.

आता डाव्या हाताला या. एका भग्न मूर्तीचे मस्तक उरले आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांची एक छोटी ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच तिचा अर्थ. कण्ह म्हणजे कृष्ण. आपल्या लेण्यांतले बहुतेक लेख दानाचे असतात : अमक्या व्यापाऱ्याने खांब दिला, तमक्या भिक्षुणीने टाके दिले. करणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. इथे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिल्पी स्वतःचे नाव लिहितो आणि आधी गुरूचे लिहितो. मेहरानगडाच्या एखाद्या दालनाइतकेच मोल मी या एका ओळीला देतो. पावसाळ्यात लेण्यांच्या कपाळावरून धबधबा कोसळतो आणि गर्दी त्याच्याखाली भिजायला येते. त्यातल्या किती जणांची नजर त्या ओळीकडे जाते? जी जात नाही त्यात त्यांचा दोष कमी आणि सांगणाऱ्यांचा जास्त.

गड एकच करायचा असेल तर कोथळीगड करावा. गावकरी त्याला पेठचा किल्ला म्हणतात. कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवलीला उतरायचे. आंबिवलीतही नदीकाठी एक बौद्ध विहार आहे, तो चुकवू नये. गड आणि लेणे एकाच वाटेवर असणे हा योगायोग नाही हे तिथे पटते. गावातून चढणारी रुंद वाट पठारावरच्या पेठ गावात नेते. गावाच्या मागे करंगळीसारखा उभा सुळका, तोच गड.

सुळक्याच्या तळाशी भैरोबाची प्रशस्त गुहा आहे. आत नक्षीचे खांब आणि पायाखाली सपाट तासलेली जमीन. इथे काही तोफगोळेही पडलेले दिसतात. मराठ्यांनी या गडाचा वापर शस्त्रागार म्हणून केला. गुहा पाहिली की का ते कळते. इतकी कोरडी, ऐसपैस आणि एका दाराने राखता येणारी जागा या पावसाच्या मुलखात दुसरी कुठे मिळणार! संभाजी महाराजांच्या काळात, 1684 साली मोगलांनी दगाबाजीने गड घेतला आणि तो परत मिळवण्याच्या झटापटीत मराठ्यांचा सरदार नारोजी त्रिंबक मारला गेला. एवढ्या लहान सुळक्यासाठी दोन्ही बाजूंनी माणसे का मेली, हे गुहा आणि वाट एकत्र पाहिल्याखेरीज उमगत नाही.

गुहेच्या बाजूने वर जायचा रस्ता सुळक्याच्या पोटातून आहे. कातळ आतून पोखरून पायऱ्या काढल्या आहेत. काही पायऱ्या गुडघ्याइतक्या उंच आहेत. एका बाजूला हात टेकायला कातळ, वरून उजेडाची पट्टी, आणि अंगाला लागणारा गारवा भर मेमध्येही तसाच. ज्यांनी हा जिना खोदला त्यांच्याकडे छिन्नी-हातोडा सोडून काही नव्हते. माथा अगदी छोटा, तिथे एक टाके. पण उत्तरेला सिद्धगड, पूर्वेला भीमाशंकरचे कडे, पश्चिमेला माथेरान आणि पेब अशी सगळी रांग हाताशी येते. सिद्धगडाकडे बोट दाखवून मुलांना भाई कोतवालांची गोष्ट जरूर सांगावी. माथेरानात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडत या रानांत फिरले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले. मराठेशाही संपून सव्वाशे वर्षे झाली तरी हे डोंगर लढणाऱ्यांना पाठीशी घालतच होते.

महालाचे नाव मात्र इथे एका ठिकाणी आहे. खांडसजवळच्या पदरगडावर उभ्या असलेल्या सुळक्याला लोक कलावंतिणीचा महाल म्हणतात. भिंत नाही, छप्पर नाही, नुसता कातळ. आणि नाव मात्र राजवाड्याचे. राजस्थानी थाटाचा किल्ला पाहायचाच असेल तर तोही खालापूर तालुक्यात उभारला गेला होता : चौकजवळच्या चित्रनगरीत ‘जोधा अकबर’ या 2008 च्या चित्रपटासाठी कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी केलेला. ती कलाकारी मोठीच होती.

खालापुरात उंबरखिंड ही सगळ्यांत महत्त्वाची जागा, आणि तिथे गड नाही. 1661 च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान पुण्याहून निघून कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरू लागला. बोरघाट सोडून त्याने ही आडवाट धरली, शिवाजी महाराजांना चकवावे म्हणून. चावणीजवळ अंबा नदीच्या खोऱ्यात वाट इतकी अरुंद होते की फौजेला सरळ रांग करूनच चालावे लागते. मराठे दोन्ही अंगांच्या झाडीत दबा धरून होते. पुढची तोंडे बंद झाली, मागची बंद झाली, पाणी मिळेना. खानाबरोबरच्या रायबाघन या सरदारणीने शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी आणि सामान घेऊन महाराजांनी फौजेला जाऊ दिले. खोपोली-पाली रस्त्यावरून आत वळले की चावणीला स्मारक आहे. स्मारकाचा फोटो काढून परत फिरू नका. नदीच्या पात्रातून थोडे वर चाला आणि दोन्ही बाजूंच्या उतारांकडे पाहा. इथे किल्ल्याचे काम डोंगरानेच केले.

देवळेही वाटेवरचीच. खालापूरजवळच्या महडचा वरदविनायक अष्टविनायकांपैकी. कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी 1725 मध्ये हे देऊळ बांधले आणि 1892 पासून तिथला नंदादीप तेवतो आहे, असे सांगतात. बोरघाटाच्या पायथ्याला खोपोलीत नाना फडणवीसांनी तळे आणि महादेवाचे मंदिर बांधले. घाट चढण्याआधी माणसाने आणि बैलाने पाणी प्यावे म्हणून. तळे पाहताना त्यामागचा हा विचार ध्यानात ठेवावा. घाटात शिंग्रोबाचे छोटे देऊळ आहे. इंग्रज इंजिनिअरांना घाटाची वाट दाखवणारा आणि नंतर त्यांच्याच हातून मारला गेलेला धनगर, अशी त्याची कथा आहे. गाडीवान आजही तिथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत.

आता जंगल. वाळवंटात जनावर लांबून दिसते, कारण आडोसाच नसतो. इथे आधी ऐकू येते. 1985 साली जाहीर झालेले भीमाशंकर अभयारण्य घाटमाथ्यावर पसरले आहे. खांडसहून चढताना पानगळीचे रान मागे पडून सदाहरित रान सुरू होते आणि डोक्यावर फांद्या खसखसतात : शेकरू. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत तो फिरतो, म्हणून फांद्यांचे छत सलग असले तरच तो टिकतो. मध्ये चार झाडे तोडून रस्ता केला की त्याचे रान दोन तुकडे होते. मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आसपास राजमाची-भीमाशंकरच्या बाजूला काजवे चमकतात. नर आणि मादी एकमेकांना शोधतात ती त्या उजेडाच्या खुणेवर. गाडीचे दिवे, मोबाइलचा टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की खूण हरवते. काजव्याचे पंखांचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. त्याची एक रात्रही फुकट घालवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या डोंगरांत माणसे राहतात, हे शेवटी पण ठामपणे सांगायचे आहे. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी समाजाच्या वाड्या गडांच्या खांद्यांवर आहेत. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतली कुटुंबे गाडली गेली. त्याआधी कित्येक वर्षे त्याच वाडीतली माणसे गडाच्या नेढ्याकडे जाणाऱ्यांना वाट दाखवत होती, पाणी देत होती. आता इर्शाळगडाकडे केवळ ट्रेकची जागा म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी एवढेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात कातळाच्या पायऱ्या शेवाळतात, ओढे तासाभरात फुगतात आणि धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, ते पाळा. कर्जतपर्यंत लोकल, पुढे एसटी किंवा सहा आसनी रिक्षा. सोबतीला गावातलाच वाटाड्या घ्या, जेवण पेठ किंवा खांडसच्या घरी सांगा आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. एका दिवशी एकच वाट धरा, आंबिवलीचे लेणे आणि कोथळीगड, किंवा महड आणि उंबरखिंड. गड चढून झाला की माथ्यावर बसून खालची घाटवाट बोटाने दाखवता आली पाहिजे; ती दाखवता आली तर गड पाहिला असे समजा.

(पुढील आठवड्यात : पेबचा विकटगड आणि माथेरानच्या पायवाटा)