वहींतला गोळाभात

पाककृति कागदावर उतरली म्हणजे ती पुढील पिढीच्या हातीं लागली, असें आपण सुशिक्षित लोक सहज धरून चालतों. आमच्या मातुःश्रींच्या वहींत गोळाभात आहे तो असा: तांदूळ एक शेर, हरभऱ्याच्या डाळीचा भरडा पावशेर, मोहन, तिखट, मीठ, हळद, गोळे भातांत सोडावे. गेल्या पौषांत नातीनें तेवढ्यावर भात मांडला. गोळे विरघळले आणि भाताची लापशी झाली.

प्रथम दोष वजनांवर गेला. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं. तिनें शेर म्हणजे किलो धरला होता; पण एवढ्या फरकानें भात बिघडत नाहीं. मग तांदुळाची आठवण झाली. मातुःश्रींच्या चुलीवर जाडा तांदूळ शिजे. आतां घरीं येतो तो एच.एम.टी., नागभीड तालुक्यांतील नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ पासून निवडून सिद्ध केलेला. दोहोंची पाण्याची भूक एक नव्हे. पाणी कमी केलें. गोळे तरीही फुटले.

छापील ग्रंथाची गोष्ट वेगळी. १८७५ चें 'सूपशास्त्र' काय, १९७० चें 'रुचिरा' काय, तीं परक्या वाचकासाठीं लिहिलेलीं. घरची वही लिहिणारी स्वतःच्या आठवणीपुरतीं सूत्रें टिपते. भाष्य तिच्या हातांत असतें.

शेवटीं नातीला घेऊन गडचिरोलीस वहिनींकडे गेलों. वय चौऱ्याऐंशी, हात कांपतो. वही ऐकून त्या हंसल्या. "सोडायचे नसतात ग. पाणी वर दिसेनासें झालें, वाफेचीं भोकें पडलीं, कीं अलगद मांडायचे."

"वहिनी, हें आजवर बोलला नाहींत!"

"भाऊजी, पानावर बसून तुम्ही कधीं विचारलंत?"

मला उत्तर सुचलें नाहीं. त्याच वहींत चारोळीची वडी आहे. पुढें इतकेंच, 'पाक पक्का करावा.' त्याविषयीं विचारतां वहिनी म्हणाल्या, "सासूबाई पाक बोटानें पाहत. मीं नुसतें बघितलें, हात घालूं दिला नाहीं त्यांनीं." ती वडी मातुःश्रींबरोबरच गेली.

गोळे मात्र त्या दिवशीं अखंड उतरले. वर हिंगमोहरीची फोडणी ओतून नातीनें पहिलें पान वहिनींना वाढलें. त्यांनीं एक घांस घेतला आणि मीठ कमी असल्याचें सांगितलें.