सावली काळी नसते: वॉल्टर लँगहॅमरची गोष्ट

धाराशिवहून बोलतोय. रझा, आरा, हुसेन ही नावं तुम्ही ऐकलीच असतील. हुसेन तर आपल्या शेजारच्या पंढरपूरचे. पण या पोरांना त्यांच्या पडत्या काळात हात देणारा चित्रकार कोण, ते फारसं कुणी सांगत नाही. तो वॉल्टर लँगहॅमर.

जर्मन बोलणारा, पण ऑस्ट्रियाचा. जन्म १९०५, ग्रात्स शहरात. कला शिकला व्हिएन्नात. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. बायको केटे ज्यू होती, म्हणजे तिथे थांबणं जिवावरचं. दोघं मुंबईला आले आणि वॉल्टर 'टाइम्स ऑफ इंडिया'त आर्ट डायरेक्टर झाला.

त्याची निसर्गचित्रं समजायला आपलं नळदुर्ग पुरे. मे महिन्यात भर दुपारी बुरुजाखाली उभे राहा. मोबाइलच्या फोटोत सावली काळी ठिक्कर येते. डोळ्यांनी नीट बघा, तिच्यात निळं, जांभळं काहीतरी दिसतं, कारण उन्हाचा नाही तरी आभाळाचा उजेड तिथे पोचतोच. लँगहॅमर ते रंग दाबत नाही, उलट वाढवतो. झाडाचं पान न् पान मोजत बसत नाही. मोकळे फटकारे मारतो आणि ऊन अंगावर येतं. ऑस्ट्रियाच्याच कोकोश्काची छाप त्यावर आहे, हे जाणकार सांगतात.

रविवारी नेपियन सी रोडवरचं त्याचं घर तरुण चित्रकारांना खुलं असे. युरोपातली चित्रं छापील पुस्तकांत बघायची, वाद घालायचे. गुगल नव्हतं हो तेव्हा! एक चांगलं रंगीत छापील पान म्हणजे खजिना. रझा दिवसा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत राबायचे. लँगहॅमरने त्यांना आपल्या स्टुडिओत काम करू दिलं. सोबत बर्लिनचा समीक्षक रूडी फॉन लायडेन आणि व्हिएन्नाचा संग्राहक श्लेसिंगर. एक शिकवणारा, एक लिहिणारा, एक विकत घेणारा. नव्या चित्रकाराला आणखी काय लागतं?

१९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुप झाला. त्यात अमरावतीकडचे ह. अं. गाडेही होते, मूळचे निसर्गचित्रंवाले. त्या बंडाचं श्रेय लँगहॅमरला देणं मला पटत नाही, ते पोरांचंच. पण दार त्याने उघडं ठेवलं, एवढं खरं.

१९५७ मध्ये तो लंडनला गेला, १९७७ मध्ये वारला. त्याचं नाव सर्च कराल तेव्हा ब्राइटनेस वाढवा आणि आधी सावल्या बघा.